समुद्रशेवाळाची फवारणी आणि मिरचीची भूक

आमच्या साखरशेतांत भात निघाल्यावर ज्यांच्याजवळ ओढ्याचें किंवा विहिरीचें थोडेंबहुत पाणी उरतें, असे शेतकरी दोन चार गुंठे मिरची लावितात. क्षेत्र लहान दिसतें. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत त्या दोन चार गुंठ्यांवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. ज्या घरीं उन्हाळ्यापर्यंत मिरचीचा तोडा चालतो तें घर गांवांत राहतें. ज्या घरीं तो लवकर बंद पडतो, तेथील माणसें वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा मध्येंच सुटते. सबब या लहानशा पिकावर पैसा कोठें व कसा खर्च व्हावा, हा प्रश्न लहान समजूं नये.

गेल्या हंगामांत शेजारच्या पाड्यावरील एक तरुण शेतकरी मजकडे आला. त्याच्या पिशवींत तीन बाटल्या होत्या. तो म्हणाला, "भाऊसाहेब, हें समुद्रांतल्या शेवाळाचें टॉनिक आहे. पानावर मारलें कीं मिरचीला सगळें खाणें पोंचतें. आतां शेण वाहायचे दिवस गेले." मीं विचारलें, "शेणखत किती घातलेंस?" तो म्हणाला, "घातलें नाहीं. त्या पैशांत हेंच आणलें." चौकशी करितां, ते पैसेही उसनवार काढलेले होते असें कळलें. तो मुलगा आळशी नाहीं कीं मूर्ख नाहीं. त्यास जसें सांगण्यांत आलें तसें त्यानें केलें. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडणें मला अवश्य वाटलें.

मी शेतकीचा पदवीधर नव्हें. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. परंतु जमेची बाजू आणि खर्चाची बाजू समोरासमोर मांडल्यावांचून कोणत्याही कागदावर सही करूं नये, एवढें त्या नोकरीनें शिकविलें. तीच रीत येथें लावून पाहूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, समुद्रशेवाळ शेतास उपयोगी आहे ही गोष्ट खोटी नाहीं. आयर्लंड, स्कॉटलंड व फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथील समुद्रकांठचे शेतकरी फार पूर्वींपासून किनाऱ्यावर आलेलें शेवाळ शेतांत घालीत आले. आयर्लंडच्या पश्चिमेस अॅरन नांवाचीं बेटें आहेत. तेथें उघड्या खडकावर वाळू व शेवाळ यांचे थर पसरून लोकांनीं बटाट्यासाठीं जमीन तयार केली. आपल्या वरकस माळावर राबणाऱ्यास या मेहनतीची किंमत निराळी सांगावयास नको. परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तें शेवाळ टोपल्या भरभरून, गाड्या भरभरून वाहिलें जात असे, आणि तें जमिनींत घातलें जात असे.

शेवाळाचा पातळ अर्क काढून तो झाडांस देण्याची रीत त्या मानानें नवी आहे. १९४० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत रेजिनाल्ड मिल्टन या रसायनशास्त्रज्ञानें ती व्यवहारांत आणिली. आपल्या देशांत भावनगर येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायनें संशोधन संस्थेनें या विषयावर मोठें काम केलें आहे. कॅपाफायकस नांवाचें शेवाळ तामिळनाडूंत मंडपमच्या किनाऱ्याकडे तराफ्यांवर वाढवितात. तें ताजें असतांनाच दळून त्याचा रस पिळावा व तो पिकांवर फवारावा, आणि उरलेल्या चोथ्यापासून खाद्यपदार्थांस दाटपणा आणणारें द्रव्य काढावें, ही युक्ति त्या संस्थेची. त्या रसाचे प्रयोग अनेक पिकांवर झाले. सोयाबीनवरील एका प्रयोगांत, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, शेंकडा १५ या प्रमाणांत रस फवारल्यानें नुसतें पाणी फवारलेल्या पिकापेक्षां दाणा शेंकडा ५७ अधिक आला.

हा आंकडा पाहून कोणाही शेतकऱ्याचें मन लोभावेल. परंतु तो नीट वाचावा. शेंकडा १५ म्हणजे दर लिटर पाण्यांत १५० मिलिलिटर ताजा रस. आपण बाटलींतील अर्क घालतों तो दोन अडीच मिलिलिटर. बाटलींतला अर्क घट्ट केलेला असतो हें खरें. तथापि एका वस्तूचा दाखला दुसऱ्या वस्तूस लावून चालत नाहीं. दुसरें असें कीं, अशा प्रयोगांत पिकास नेहमींचें खत देऊन वर फवारणी करण्याची रीत असते. खताच्या ऐवजीं फवारणी, असा त्यांचा अर्थ नव्हे.

आतां हिशेब पाहूं. ओलिताच्या मिरचीस हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावें, अशी आपल्याकडील कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. शिवाय हेक्टरीं सुमारें २० टन चांगलें कुजलेलें शेणखत. आमचीं क्षेत्रें गुंठ्यांचीं, म्हणून गुंठ्याचा हिशेब केला तर नत्र १ किलो आणि शेणखत २०० किलो पडतें. रोपें ६० व ४५ सेंटिमीटर अंतरानें लाविलीं तर गुंठ्यांत पावणेचारशेंच्या सुमारास बसतात; म्हणजे दर रोपास अर्धा किलो शेणखत.

आतां फवारणीची बाजू मांडूं. एका गुंठ्यास एका वेळीं ५ लिटर पाणी पुरतें. लिटरास अडीच मिलिलिटर प्रमाणें अर्क लागतो साडेबारा मिलिलिटर. शेवाळाच्या अर्कांत नत्र फारच थोडें असतें. तरी औदार्यानें तें शेंकडा एक धरूं. तर एका फवारणींत गुंठ्यास एक अष्टमांश ग्रॅम नत्र गेलें. हंगामांत चार फवारण्या केल्या तर अर्धा ग्रॅम झालें. पिकाची मागणी १ किलोची आणि आपण दिलें अर्धा ग्रॅम, म्हणजे मागणीचा दोन हजारावा हिस्सा. उलट २०० किलो शेणखतांत, शेंकडा अर्धा या मानानें, नत्रच १ किलो असतें. तें सगळें पहिल्याच हंगामांत पिकाच्या हातीं येत नाहीं हें खरें. परंतु जें उरतें तें जमिनींत राहतें आणि आपल्या हलक्या, उताराच्या मातींत पाणी धरून ठेवतें. अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून जेथें माघांत माती कोरडी ठणठणीत होते, तेथें हा गुण केवढा आहे हें सांगावयास नको.

मग शेवाळाचा अर्क करतो तरी काय? त्यांत झाडाच्या वाढीस चालना देणारीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत असतात. कांहीं शर्करा व क्षार असतात. आणि ऊन, थंडी, पाण्याची ओढ सोसण्यास झाडास मदत करणारे पदार्थ असतात. त्यांच्या योगानें मुळ्या अधिक फुटणें, लावणीनंतर रोप लवकर सावरणें, उन्हाच्या तापांत फूल थोडें अधिक टिकणें, असे परिणाम दिसूं शकतात. तात्पर्य, हें अन्न नव्हे, पाचक आहे. ज्याच्या पानांत भाकर आहे त्यास चटणीनें दोन घास अधिक जातात. ज्याच्या पानांत कांहींच नाहीं त्यानें नुसती चटणी चाटून काय होणार?

हें केवळ माझें म्हणणें नव्हे. केंद्र सरकारनें १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत फेब्रुवारी २०२१ मध्यें दुरुस्ती करून असे पदार्थ 'जैव उत्तेजक' या निराळ्या वर्गांत घातले. अन्नद्रव्य घेण्याची झाडाची शक्ति, वाढ, उत्पन्न आणि ताण सोसण्याची ताकद वाढविणारा पदार्थ, अशी त्याची व्याख्या आहे. जें घ्यावयाचें तें अन्न जमिनींत असलेंच पाहिजे, हें त्यांत गृहीत धरलें आहे. तात्पुरत्या परवानगीवर असा माल विकण्याची मुदत १६ जून २०२५ रोजीं संपली. तेव्हां आतां बाटली घेतांना तिजवर उत्पादकाचें नांव, घटक व त्यांचें प्रमाण, वापराची मुदत आणि कोणत्या पिकास मान्यता आहे हें वाचावें, आणि पक्की पावती घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. चार दिवसांत पान काळेंभोर हिरवें झालें म्हणून हुरळून जाऊं नये. तो रंग शेवाळाचा कीं दुसऱ्या कशाचा, हें घटक छापलेले असल्यावांचून कळण्यास मार्ग नाहीं.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. मिरचीचें पान आखडलें, बोकड्या आला, कीं लोक टॉनिकाची मात्रा वाढवितात. पान आखडतें तें फुलकिडे व कोळी रस शोषितात म्हणून, किंवा पांढऱ्या माशीनें आणिलेल्या विषाणूमुळें. शेवाळाच्या अर्कानें कीड मरत नाहीं आणि विषाणू जात नाहीं. रोगी रोप उपटून दूर नेऊन पुरावें, रोपवाटिकेवर बारीक जाळीचें कापड घालावें आणि किडीचा निराळा बंदोबस्त करावा. तेथें टॉनिकावर विसंबलेला प्रत्येक दिवस रोग पसरण्यास मिळतो.

कोणी म्हणेल, "शेणखत आणावें कोठून? गुरें कमी झालीं, आणि आहे तें शेण राबांत जातें." हा आक्षेप खरा आहे आणि त्यास उत्तर देणें कठीण आहे. आपण शेण, पाला व फांद्या भाताच्या राबासाठीं जाळतों. त्यांतील नत्र धुरावाटे जातें आणि हातीं राख उरते. भाताचें रोप गादीवाफ्यावर, राब न भाजतां, चांगलें होतें असा पुष्कळांचा अनुभव आहे. राबाचें निदान निम्में शेण वांचवून खड्ड्यांत कुजविलें, बांधांवर गिरिपुष्प लावून त्याचा कोंवळा पाला त्यांत घातला आणि मिरचीच्या दोन चार गुंठ्यांपुरतेंच तें खत राखून ठेविलें, तर बाजारांतून बाटली आणण्याआधींच निम्मी लढाई जिंकली असें समजावें. सगळें शेत खतावण्याची आपली ऐपत नसेल. परंतु दोन गुंठ्यांस ४०० किलो खत एका गोठ्यांतून निघूं शकतें.

इतकें करून ज्यास फवारणी करावयाची असेल त्यानें ती जरूर करावी. माझा विरोध नाहीं. लावणीनंतर रोप सावरतांना एकदां, फुलाच्या आधीं एकदां आणि फळधारणेच्या वेळीं एकदां, एवढी पुरे. सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानांची खालची बाजूही भिजेल अशा बारीक फवाऱ्यानें मारावी. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षां अधिक घालूं नये. तणनाशकास वापरलेला पंप या कामीं मुळींच घेऊं नये. किनाऱ्यावरून शेवाळ आणून घरीं उकळण्याच्या फंदांतही पडूं नये. त्याबरोबर समुद्राचें मीठ येतें व तें कोंवळ्या पानास जाळतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दोन सऱ्या फवारल्यावांचून ठेवाव्या. त्यांवर तितकेंच नुसतें पाणी मारावें आणि दर तोड्याचें वजन निरनिराळें लिहून ठेवावें. दुकानदाराच्या आणि माझ्याही बोलण्यापेक्षां ती वही अधिक खरी.

त्या तरुणाची हकीकत पुरी करून आटोपतों. माझ्या सांगण्यावरून त्यानें घरच्या उकिरड्यांतील खत काढलें; तें निम्म्याच तुकड्यास पुरलें. फवारणी मात्र त्यानें दोन्ही भागांवर सारखीच केली. खत पडलेल्या भागांत उन्हाळा लागेपर्यंत तोडा चालला. बिनखताच्या भागांतील झाडें प्रथम टवटवीत दिसलीं, पुढें खालून पिवळीं पडलीं आणि फूल धरेनाशीं झालीं. एका तुकड्यावरून सिद्धान्त बांधूं नये हें मला कळतें. परंतु यंदा तो बाटल्या घेऊन आला नाहीं. खड्डा किती लांब, किती रुंद व किती खोल घ्यावा, हें विचारावयास आला.

आपल्या संस्थेच्या सभासदांनीं येत्या हंगामांत निदान एकेका गांवीं एकेका शेतांत अशा फवारलेल्या व न फवारलेल्या सऱ्यांची नोंद ठेवावी, आणि ती या मासिकाकडे पाठवावी. त्या नोंदी एकत्र झाल्या म्हणजे कोणती बाटली घ्यावी व कोणती नाहीं याचा निकाल आपला आपल्यास करितां येईल. तोंपर्यंत उसने पैसे काढून टॉनिक आणूं नये, आणि खताचा खड्डा रिकामा ठेवूं नये, एवढीच नम्र सूचना आहे.