टॉनिक नव्हे, आईची कूस

परीक्षा जवळ आल्या, की दवाखान्यात एक मागणी हमखास येते : "डॉक्टरसाहेब, स्मरणशक्तीसाठी एखादे टॉनिक लिहून द्या ना!" इंदूरमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काढल्यावर "असे टॉनिक नाही" एवढेच उत्तर मला अपुरे वाटू लागले आहे.

स्मृतीची जडणघडण हिप्पोकॅम्पसमध्ये होते. तेथील चेतापेशींचे जोड वापराने बळकट होतात, हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले. या जोडांच्या लवचिकतेवर न्यूरोपेप्टाइडांचा अंमल चालतो. ग्लुटामेट क्षणार्धात निरोप पोहोचवते. पेप्टाइडे सावकाश पसरून त्या निरोपाचा जोर कमीअधिक करतात. ताणाच्या वेळी स्रवणारे सीआरएच अल्पकाळ असेल तर शिकणे तल्लख होते; दीर्घकाळ राहिले तर चेतापेशींच्या शाखा खुरटतात, असे उंदरांच्या पिल्लांत आढळले. उलट, ज्या पिल्लांना आई अधिक चाटते, त्यांची ताणाला होणारी प्रतिक्रिया मोठेपणीही सौम्य राहते, हे मीनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले.

मग पेप्टाइडच बाटलीत भरून द्यावे काय? स्वमग्न मुलांना नाकावाटे ऑक्सिटोसिन देऊन पाहण्यात आले. २९० मुलांवरील, २४ आठवड्यांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले : सामाजिक वर्तनात निष्प्रभ औषधाहून अधिक सुधारणा नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. उमेदवारीच्या काळात मी ज्या नवजात कक्षात होतो, तेथे आईला बाळ काचेपलीकडूनच दिसे. "साहेब, नुसता हात लावू द्या," असे एका मातेने विनवले, तेव्हा जंतुसंसर्गाच्या भीतीने मी नकार दिला. तो नकार आजही सलतो. २०२१ मध्येच भारतासह पाच देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मापाठोपाठ आईच्या छातीशी ठेवल्यास २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले.

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मी जाणतो. पण बाळ जगण्याचा पुरावा तर माणसांतलाच आहे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती : आपापल्या नवजात कक्षाचे दार मातांसाठी उघडा. आणि पालकहो, परीक्षेच्या दिवसांत टॉनिक शोधण्यापेक्षा मुलाला पुरेशी झोप आणि धाकरहित घर द्या. त्याहून चांगले औषध मला तरी ठाऊक नाही.