पोसायडनचे देऊळ कोल्हापुरात नव्हते

१/ कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातील वीतभराहूनही लहान अशा कांस्य पोसायडनचे छायाचित्र फिरू लागले की त्याखाली ठरलेले वाक्य येतेच : ‘सातवाहनकाळी येथे रोमनांचे देऊळ होते.’ हे विधान निराधार आहे. आणि ते पसरवतात स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवणारेच.

२/ १९४४-४५ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात ही मूर्ती मिळाली, ती देव्हाऱ्यात नव्हे, धातूच्या वस्तूंच्या साठ्यात. सोबत इटलीकडचा आरसा होता, सुरई होती. उरलेल्या बहुतेक वस्तू इथल्याच घडणीच्या. त्यानंतर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. संपन्न घराची हौस म्हणा किंवा कासाराकडची मोड म्हणा, दोन्ही संभवते. देऊळ मात्र त्या पुराव्यातून निघत नाही.

३/ रोमन जगात अशा मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात असत, तशाच देवस्थानी नवसापोटीही वाहिल्या जात. तेथील शिलालेखांवर व्ही. एस. एल. एम. ही चार आद्याक्षरे वारंवार दिसतात : नवस फेडला, मनापासून आणि रास्तपणे. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या आजीला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. वाहिलेली वस्तू देवाची झाली, म्हणून जुन्या भेटी आवारातच खड्डा करून पुरत. त्या खड्ड्यामुळेच आज आपण त्यांना नवसाच्या म्हणू शकतो. मूर्ती स्वतः हे सांगत नाही. तिची जागा सांगते.

४/ आणि आपण त्या जागेचे काय करतो? चाकणकडे पाया खणताना किंवा इंद्रायणीच्या पात्रात एखादी मूर्ती, एखादा टाक हाती लागला, की चिंच लावून घासायचा, उजेडात धरून छायाचित्र टाकायचे. माती गेली, खोली गेली, शेजारचे खापर गेले. उरले मोडीच्या भावाचे पितळ. याला ‘संवर्धन’ म्हणण्याचे धाडस होते, हे विशेष!

५/ ‘कळवले तर काम थांबते,’ हा नेहमीचा बचाव. १८७८ चा निखात निधी कायदा मात्र स्पष्ट आहे : जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. फॉलोअर्सना कळवावे, असे त्यात कोठेही नाही.

६/ छायाचित्र जरूर घ्या, पण वस्तू हलवण्याआधी. शेजारी मोजपट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून. आणि ते कुरूप खापर चौकटीबाहेर ढकलू नका.