नाशिक देशाची ‘वाइन कॅपिटल’, मग जेवणासोबत चांगला ग्लास मिळणं इतकं अवघड का?

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, म्हणजे इगतपुरी ते आमणे हे ७६ किलोमीटर, वाहतुकीला खुला झाला. कसारा घाटातली रखडपट्टी टळली आणि मुंबई-ठाणेकरांसाठी नाशिक एकदम जवळ आलं. शनिवारी सकाळी निघायचं, दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वाइनरीत बसायचं, रविवारी मिसळ खाऊन परत. हा बेत आता इतका सर्रास झालाय की फोनमध्ये नुसतं ‘नाशिक’ टाइप केलं तरी त्र्यंबकेश्वर आणि वाइनरी शेजारी शेजारी येतात.

गंमत यानंतर सुरू होते. वाइनरीतून बाहेर पडून रात्री शहरातल्या एखाद्या चांगल्या, गर्दीच्या हॉटेलात गेलात आणि मेन्यू उघडलात, तर व्हिस्की-रमची दोन पानं आणि शेवटी वाइनच्या तीन ओळी: रेड, व्हाइट, पोर्ट. कोणत्या द्राक्षाची, कोणत्या वर्षाची, काही नाही. रेड मागवली तर खोलीच्या तापमानाला, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जवळपास कोमट. द्राक्षं पिकली ती जागा तिथून १५-२० किलोमीटरवर असते.

जिथे पिकतं तिथेच असं का होतं? आणि प्रवासात किंवा घराजवळ चांगलं जेवण आणि चांगली वाइन एकत्र हवी असेल तर शोधायचं कसं?

परवाना एकीकडे, चव दुसरीकडे

आपल्याकडची चांगली जेवणाची ठिकाणं आठवून बघा. नाशिकची मिसळ, कोल्हापुरातला तांबडा-पांढरा, मालवणातली घरगुती खानावळ, पुण्यातलं मटण. यातल्या बहुतेक ठिकाणी मद्याचा परवाना नसतो. आणि परवाना असतो तिथे, म्हणजे ‘परमिट रूम’मध्ये, जेवण हा चखण्याचा मोठा भाऊ असतो. काळोख्या काचा, बाहेर ‘एसी फॅमिली सेक्शन वर’ अशी पाटी, आणि मालकाचं सगळं लक्ष व्हिस्की आणि बिअरवर.

हा योगायोग नाही. परमिट रूमच्या एफएल-३ परवान्याची वार्षिक फी मोठी असते आणि गावाच्या लोकसंख्येनुसार वाढत जाते. तुम्ही वर्षात वाइनच्या दहा बाटल्या विकल्या काय किंवा व्हिस्कीच्या दहा हजार, फी तीच. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना नूतनीकरणाची फी १५ टक्क्यांनी वाढली आणि विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्कही वाढलं. त्याच्या निषेधात ‘आहार’ या हॉटेलचालकांच्या संघटनेने १४ जुलै २०२५ ला बार आणि परमिट रूमचा बंद पुकारला होता. बिअर आणि वाइनला उत्पादन शुल्काच्या या वाढीतून वगळलं होतं, पण फी आणि व्हॅट तर सगळ्यांनाच. एवढा खर्च काढायचा असेल तर मालक जे झटपट खपतं तेच ठेवणार. आणि छोट्या खानावळीचा मालक या भानगडीत पडतच नाही.

मग आपण आपली बाटली घेऊन मिसळच्या हॉटेलात बसलो तर? तो बेत सोडा. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार विनापरवाना जागेत लोकांना मद्य पिऊ देणं हा मालकाचा गुन्हा, आणि पिणाराही अडकतो.

उघडलेल्या बाटलीचं गणित

दुसरं कारण जास्त साधं आहे. व्हिस्कीची बाटली उघडून झाकण लावून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. वाइनचं तसं नाही. बाटली उघडली की हवा लागते, आणि दोन-तीन दिवसांत वास मरतो, चव आंबट-कडवट होत जाते.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास बसतात. समजा हॉटेलला बाटली ८०० रुपयांना पडली. रात्रीत दोनच ग्लास गेले तर उरलेले तीन कुणाच्या नावावर टाकायचे? म्हणून मालक ग्लासची किंमत अशी लावतो की पहिल्या दोन ग्लासांतच बाटलीचे पैसे निघावेत. म्हणजे ४०० रुपये ग्लास. उरलेली वाइन फेकली तर तोटा नाही, पण फेकतो कोण? ती तुमच्या टेबलावर येते, चार दिवसांनी. तुम्ही एक घोट घेऊन म्हणता, ‘भारतीय वाइन काही खास नसते बुवा,’ आणि पुढच्या वेळी बिअर मागवता. मग वाइन आणखी कमी खपते आणि ग्लास आणखी शिळा होतो.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या वाइनची बदनामी द्राक्षबागेपेक्षा याच टप्प्यावर जास्त झाली आहे.

याने शेतकऱ्याला काय फरक पडतो?

पडतो, आणि बराच. वाइनचं द्राक्ष आपण खातो त्या थॉमसनसारखं नसतं. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या जातींचा मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात त्याला खाण्यासाठी गिऱ्हाईक नाही, बेदाण्यालाही ते चालत नाही. म्हणजे वाइनरीने माल उचलला नाही, तर शेतकऱ्यापुढे दुसरा रस्ता जवळपास नाहीच.

हे एकदा घडून गेलंय. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, सवलती दिल्या, वाइनरी झपाट्याने वाढल्या आणि त्यांच्या मागे वाइनच्या द्राक्षाची लागवडही. मग २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवरचा २६/११ चा हल्ला. पंचतारांकित हॉटेलं ओस पडली. त्या काळात वाइनचं मोठं गिऱ्हाईक तीच होती. टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली. नारायणगावची शातो इंडाज ही त्या वेळची सगळ्यात नावाजलेली कंपनी पुढे कर्जात बुडाली. कित्येक शेतकऱ्यांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली.

२७ जानेवारी २०२२ ला महाविकास आघाडी सरकारने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पुढे केलेलं कारण हेच होतं: शेतकऱ्याला बाजार मिळेल. भाजप तेव्हा विरोधात होता, त्याने जोरदार टीका केली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. जूनमध्ये सरकारच बदललं आणि निर्णय कागदावर राहिला. विरोधकांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, किराणा घेताना दारूची बाटली हाताशी असणं अनेक घरांना नको असतं. पण त्यामुळे वाइन पुन्हा वाइन शॉपच्या जाळीमागे आणि परमिट रूमच्या शेवटच्या पानावर गेली, हेही तितकंच खरं.

मग स्टार बघून जायचं का?

जगात ‘कुठे जेवायचं’ हे सांगणारी सगळ्यात प्रसिद्ध यादी एका टायर कंपनीची आहे. मिशेलिनने १९०० मध्ये फ्रान्समध्ये गाइड काढलं, कारण लोक गाडी घेऊन फिरले तर टायर झिजणार. हॉटेलांना स्टार देणं १९२६ पासून सुरू झालं. दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा असं. भारतासाठी मिशेलिनचं गाइड नाही. आपल्याकडे उरतात ते ॲपवरचे स्टार.

ॲपचे स्टार निरुपयोगी नाहीत, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतात. तिथे पार्किंग, एसी, वेटरचं वागणं, डिलिव्हरीला झालेला उशीर, सगळं एका आकड्यात मिसळलेलं असतं. वाइनबद्दल तर शून्य माहिती. त्यापेक्षा मेन्यूचा फोटो उघडा. वाइनच्या यादीत द्राक्षाचं नाव आणि वर्ष लिहिलंय का, एवढंच बघा. लिहिलं असेल तर तिथे कुणीतरी विचार केलाय. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्या पिण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे चार-पाच वर्षं जुनी साधी व्हाइट दिसली तर कौतुक करू नका, ती खपलेली नाही.

आणि वेटरला थेट विचारा: ‘ही बाटली कधी उघडली?’ मी हा प्रश्न ठिकठिकाणी विचारून पाहिलाय. चांगल्या जागी उत्तर लगेच येतं, किंवा नवी बाटली समोर उघडतात. बाकी ठिकाणी वेटर काउंटरकडे बघतो. तेव्हा चौघं असाल तर ग्लासच्या नादी न लागता पूर्ण बाटली घ्या, हिशेबानेही तीच स्वस्त पडते. रेड कोमट असेल तर बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला सांगा. यात कमीपणा काही नाही. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हा नियम युरोपातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांचा आहे.

तिखटाचं काय? जास्त अल्कोहोल आणि तुरट चव असलेली रेड घेतली तर रश्श्याचा जाळ आणखी वाढतो. किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ मिसळ-मटणाशी बरीच बरी जुळते. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लाँ, जिथे एरवी लिंबू पिळतो तिथे.

कुठे जायचं?

सगळ्यात भरवशाची जागा अजूनही वाइनरीच, कारण तिथे बाटली दिवसभरात संपते. २००५ मध्ये सुलाने नाशिकला टेस्टिंग रूम उघडली आणि पुढे बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. शेजारचीच यॉर्क २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करतोय असं वाटत असेल तर तेवढं लक्षात ठेवा. गर्दी नको असेल तर इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाजवळ व्हॅलोने ही छोटी वाइनरी आहे. दिंडोरीत शांदों, मोएत हेनेसीची, फसफसणाऱ्या वाइनसाठी.

जायचं तर जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्षं उन्हाळा संपताना खुडतात, आपल्याकडे उलटं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी, आणि फळ थंडीत पिकतं. तोडणीच्या दिवसांत गेलात तर क्रेट भरून येणारे ट्रॅक्टर दिसतील. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, वेलींवर मात्र घड नसतात.

पुणे-सोलापूरकरांसाठी अकलूज आहे. तिथल्या फ्रतेलीच्या नावाचा इटालियन अर्थच ‘भाऊ’: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावांच्या तीन जोड्यांनी सुरू केलेली ही वाइनरी. ऊस आणि सहकाराच्या पट्ट्यात इटालियन जातींची द्राक्षं, हे एकदा बघण्यासारखं आहे.

गोव्यात जेवणाचं वैविध्य भरपूर आणि मद्यावर कर कमी. पण तिथे मिळणारी गोड ‘पोर्ट’ म्हणजे गोव्याची वाइन असा समज करून घेऊ नका, व्यावसायिक द्राक्षबागा तिथे नाहीतच म्हटलं तरी चालेल. गोव्याचं स्वतःचं म्हणायचं तर काजूची फेणी, जिला जीआय मानांकन आहे. येताना डिकीत बाटल्या भरून आणल्या तर सिंधुदुर्गाच्या नाक्यावर अडकाल, महाराष्ट्राचं शुल्क न भरलेलं मद्य इथे बेकायदा ठरतं.

घराजवळचा उपाय सगळ्यात कमी खर्चाचा आहे. वाइनरीतून किंवा दुकानातून छापील किमतीत बाटली, आवडत्या खानावळीतून पार्सल, आणि आपलं डायनिंग टेबल. जे कायद्याने हॉटेलात एकत्र येत नाही ते घरी येतं. त्यासाठी मद्य परवाना मात्र लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार रुपये. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा बेत करू नका.

हॉटेलातच बसलात तर बिल नीट वाचा. जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट असे दोन वेगळे कर असतात, मद्यावर जीएसटी लावता येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडता येणार नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तो काढायला सांगता येतो.

येत्या काही वर्षांत वाइनच्या यादीतल्या त्या तीन ओळी वाढतील, पण त्या नाशिकच्या असतीलच असं नाही. ऑस्ट्रेलियासोबतचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार १५ डॉलरपेक्षा महाग बाटलीवरचं १५० टक्के आयात शुल्क लगेच ७५ वर आलं आणि दहा वर्षांत २५ वर येणार आहे. ५ डॉलरच्या वरच्या बाटलीसाठी हाच प्रवास १०० वरून ५० पर्यंतचा आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या, त्यातही वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय. स्वस्त वाइनला या करारांत फारशी सूट नाही, त्यामुळे पहिली टक्कर हजार-दीड हजारांच्या वरच्या बाटलीत होईल. नाशिकच्या वाइनरींना चांगला नफा देणारी बाटलीही नेमकी तीच.