शिकलेली भाषा सोडावी काय?

शाळेंतून बाहेर पडलेले विद्यार्थी व त्यांचे पालक एक प्रश्न घेऊन आमच्याकडे वारंवार येतात. बारावीस मुलगी पीएचपी शिकली. आतां ऐरोली-महापे भागांतील कचेऱ्यांत पायथन मागतात असें कानीं येतें. तेव्हां पहिली विद्या फुकट गेली असें समजून नव्या क्लासची जबर फी भरावी काय?

ही भीति अगदींच निराधार नाहीं. बालभारतीनें २०२० सालीं काढलेल्या बारावीच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत जावास्क्रिप्ट व पीएचपी आहेत, आणि पुढें कॉलेजांत मुलांची गांठ बहुधा पायथनशीं पडते. परंतु अट घालणें, एकच क्रिया पुनःपुन्हां करविणें, मोठ्या कामाचे लहान भाग पाडून प्रत्येकास नांव देणें, हीं कामें तिन्ही भाषांत सारखींच. पीएचपींत चलाच्या नांवाआधीं डॉलरचें चिन्ह लागतें व विधानाच्या शेवटीं अर्धविराम. पायथनला दोन्ही नकोत, मात्र ओळ किती आंत सरकविली ह्याला तेथें अर्थ आहे. एवढें थोड्या दिवसांत अंगवळणीं पडतें.

खरी मेख निराळीच आहे. अवतरणचिन्हांत घातलेला ५ व नुसता ६ ह्यांची बेरीज सांगा. पीएचपी मुकाट्यानें ११ म्हणते. जावास्क्रिप्ट दोन्ही अंक शेजारीं जोडून ५६ पुढें करते. पायथन चूक दाखवून थांबते. (आमच्या मतें ह्या तिघींत थांबणारीच प्रामाणिक!) फीच्या हिशेबाची आज्ञावली कोणीं पीएचपींतून जावास्क्रिप्टमध्यें ओळीस ओळ उतरविली, तर ती चालेल, उत्तरहि देईल, आणि हिशेब मात्र चुकेल.

चालतें काम केवळ फॅशनीखातर दुसऱ्या भाषेंत नव्यानें लिहावें, हेंहि आम्हांस पटत नाहीं. विकिपीडियानें २००२ सालीं पर्ल भाषेंतील व्यवस्था सोडून पीएचपी घेतली, ती गरजेपोटीं. जुनी व्यवस्था लेख साध्या फायलींत ठेवी, आणि वाढत्या पसाऱ्यास ती पुरेना. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजहि पीएचपीवरच चालतो. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, तोहि बायबलाच्या मराठी भाषांतरासाठीं. काम आधीं ठरलें, भाषा मागाहून आल्या. आणि संस्कृत व्याकरणांत मुरलेल्या त्या बुद्धीस नव्या भाषांचे नियम फारसे परके वाटले नसावेत.

तेव्हां फी भरण्यापूर्वीं पालकांनीं मुलास एवढेंच सांगावें, कीं बारावीस पीएचपींत केलेला एखादा लहान उपक्रम घरीं बसून पायथनमध्यें पुन्हां कर. पायथन फुकट मिळते. पंधरा दिवसांत तो उभा राहिला, तर क्लासची गरज नाहीं. न राहिला, तर अटी व आवर्तनें कच्चीं राहिलीं आहेत असें समजावें, आणि मुलास शनिवारीं आमच्याकडे पाठवावें. त्याची फी आम्ही घेत नाहीं.