देव मानत नाही, पोळा मानतो

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पायावर पाणी टाकून वाकलो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन रे, तू तर देव मानत नाहीस म्हणतोस. मंग बैलाच्या पाया कसा पडतोस?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोन दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

काकांचं म्हणणं खोटं नाही. मी देव मानत नाही. नवस करत नाही, मुहूर्त बघत नाही, पाऊस पडावा म्हणून कोणाला साकडं घालत नाही. पण ढाणकीत शेतकऱ्याच्या घरात वाढलोय. पोळा आला की अंगात काहीतरी हलतं, आणि ते ढोंग नाही.

मुळात पोळा श्रावण अमावस्येलाच का? आपल्याकडं मृगात पेरणी होते. मग डवऱ्याचे फेर सुरू होतात. बैलाला उसंत नसते. श्रावण संपता संपता कपाशी वाढते, ओळी दाटतात, डवरा घालायला जागा राहत नाही आणि जोडीचं काम हलकं होतं. तारीख पंचांगात छापलेली असते, पण सुट्टी पिकानं दिलेली असते. ज्यानं कोणी हा दिवस ठरवला त्याचं लक्ष आभाळाइतकंच शिवाराकडंही होतं.

आता आदल्या दिवशीची खांदशेकणी बघा. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद-लोणी चोळायचं. खांदाच का? कारण जू तिथं बसतं. वर्षभर आपण ज्या जागी त्याला घासलं, नेमक्या त्याच जागी हात फिरवायचा. झूल, शेंब्या, घुंगरमाळ हे सगळं नंतर. या कामाला भटजी लागत नाही, देवही लागत नाही. आपण कोणाच्या खांद्यावर जगलो एवढं माहीत असलं की पुरतं.

आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवर श्रावणात पोरी टोपलीत गहू पेरून तीज वाढवतात. रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. पण मला त्यात उगवणीचा आनंद दिसतो, आणि तो आनंद मानायला माझी काही हरकत नाही.

असा विचार करणारे आपण एकटे नाही. युरोप-अमेरिकेत स्वतःला निरीश्वरवादी पेगन म्हणवणारे लोक आहेत. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, सगळ्यात मोठा दिवस, दिवस-रात्र सारखे होतात ते दोन दिवस आणि यांच्या मधले चार, असे आठ सण त्यांच्यातले बरेच जण पाळतात. देव नाही हे त्यांना मान्य आहे, पण ऋतू तर आहेत ना! गंमत म्हणजे पेगन हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा जुना अर्थ खेड्यातला माणूस. म्हणजे आपणच की. फरक इतकाच की त्यांना शहरात बसून ऋतू पुन्हा शोधावे लागतात, आणि आपल्या तर ते दारात उभे आहेत.

माझे काही पुरोगामी मित्र म्हणतात, सणच सोडून दे, त्यातूनच अंधश्रद्धा येते. त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सण आणि विधींच्या नावाखाली शेतकऱ्याला वर्षभर कसं नागवलं जातं, याचा पाढाच वाचलाय. फुले नास्तिक नव्हते, निर्मिक मानत होते. त्यांचा राग कष्टकऱ्याच्या लुटीवर होता. मग सणातली लूट काढावी, सण कशाला टाकायचा?

खोट आपल्या पोळ्यातही आहे. किती गावांत तोरणाखाली पहिली जोडी कोणाची यावरून भांडणं झालीत! मान घराण्याचा आणि घाम बैलाचा. जोडी कोणत्या जातीच्या घरची हे बैलाला ठाऊक नसतं, आपल्याला मात्र बरोबर ठाऊक असतं.

बैलाला देव करून ठेवण्यातली अडचणही बोललीच पाहिजे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. बंदी हवी की नको हा वाद बाजूला ठेवू. पण म्हातारा बैल बाजारात कोणी घेत नाही आणि त्याचा चारा मात्र शेतकऱ्याच्याच दावणीला. आमचा एक बैल यंदा थकलाय. बहुतेक ही जोडी शेवटची. पुढच्या वर्षी भाड्याचा ट्रॅक्टर सांगू असं घरात चाललंय. मीसुद्धा नाही म्हणू शकलो नाही, कारण हिशेब बसत नाही. पूजा एक दिवसाची असते, कडबा वर्षभर लागतो. त्याला देव म्हणणं सोपं आहे, सांभाळणं अवघड.

मग बैल गेल्यावर पोळ्याचं काय? ट्रॅक्टरला हार घालायचा? घाला, माझी ना नाही. पण इंजिनाला खांदा नसतो. आज जू कोणाच्या खांद्यावर आहे ते आधी बघा. २०१७ साली पोळ्याच्याच आगेमागे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पाठीवर पंप होता, पण कित्येकांच्या तोंडाला साधा मास्क नव्हता. निंदणाला दिवसभर वाकणाऱ्या बाया तर पोळ्याच्या दिवशीही पुरणाच्या पोळ्या लाटत असतात. त्यांची खांदशेकणी कोणी करायची?

आपल्याकडं पोळ्याला सालगड्याला नवे कपडे आणि बोजारा द्यायची रीत आहे. तीच रीत जरा वाढवू. फवारणी करणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि चष्मा हाच बोजारा. निंदणाच्या बायांना त्या दिवशी मजुरीसकट सुट्टी. तोरणाखालचा पहिला नंबर चिठ्ठी टाकून. आणि घरात म्हातारा बैल असेल तर त्याच्या वर्षभराच्या वैरणीची सोय गावानं वर्गणीतून करायची. डीजेला वर्गणी निघते, तर कडब्याला का निघू नये? यातल्या एकाही गोष्टीला देव असण्याची अट नाही, आणि देव मानणाऱ्यालाही यात अडचण यायचं कारण नाही.

तर काका, तुमचं उत्तर. मी देवाच्या पाया पडलो नाही. ज्याच्या खांद्यावर आमच्या घराची शाळा, दवाखाना, लग्नं निघाली, त्याच्यापुढं वाकलो. पुढच्या पोळ्याला आमच्या दावणीला जोडी नसली, तरी मी वाकणार आहे. फक्त कोणापुढं, ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवू.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर घरी या, भांडू. पोळ्या उरल्यात अजून.