सारखे गुण, एकच जागा

दोन-तीन वर्षांपूर्वी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकासमोर दोन मैत्रिणी उभ्या होत्या. विज्ञान शाखेसाठी दोघींचे टक्के सारखेच. एकीचे नाव गुणवत्ता यादीत शेवटचे, दुसरीचे प्रतीक्षा यादीत पहिले. दुसरीच्या आईच्या बोटांना विडीच्या तंबाखूचा वास होता. तिने खिडकीशी विचारले, “मार्क तर सारखेच हायत की सर, मग हिचं का न्हाई?” आतून उत्तर आले, “मार्क कमी पडले.”

हे उत्तर खरे नव्हते. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, फलकासमोरची गर्दी संपली. तो प्रश्न मात्र अजून आपल्या, म्हणजे प्रवेश समित्यांच्या, टेबलावर आहे.

बरोबरी फोडायची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी. अभियांत्रिकीसाठी सीईटीचे पर्सेंटाइल दशांशानंतर सात अंकांपर्यंत काढतात. तरीही दोघे समान आले तर आधी गणित पाहतात, मग भौतिकशास्त्र, मग रसायनशास्त्र आणि त्यानंतर बारावी-दहावीचे गुण. नीटमध्ये जीवशास्त्राला पहिला मान आणि पुढे चुकलेल्या उत्तरांचे प्रमाण. एकेकाळी तिथे वयाने मोठा तो पुढे, असाही नियम होता. वय ही गुणवत्ता नव्हे, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. रांग कुठेतरी तोडावी लागते म्हणून असे नियम असतात, आणि त्यांची किंमत तेवढीच धरावी.

दहावीचे टक्केही निव्वळ अभ्यासाचे नसतात. मार्च 2025 च्या परीक्षेत राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागाचे. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणि सवलतीचे गुण मिळून ही बेरीज होते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली की 7 गुण, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. कलाशिक्षक असलेल्या शाळेतली मुले ही परीक्षा देतात. शहराच्या पूर्व भागातल्या ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही, तिथल्या मुलीला त्या परीक्षेचा फॉर्मही दिसत नाही. पाचशेत सात म्हणजे 1.4 टक्के, आणि आपली कटऑफ याहून कितीतरी कमी फरकाने सुटते. मुलांना मिळालेले गुण काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. काठावरच्या दोघांत हुशार कोण हे त्या दशांशावरून कळले, असे मात्र कोणी म्हणू नये.

मग करावे काय? राज्याच्या केंद्रीय फेऱ्यांचे नियम आपल्या हाती नाहीत. पण व्यवस्थापन कोट्याच्या जागा, स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या मुलाखती इथे निवड आपणच करतो. अशा जागांसाठी बरोबरी कशी सोडवणार, हे अर्ज मागवण्याआधी ठरवून मराठीत लावावे. मुलाखतीचे गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्र लिहावेत, चर्चा नंतर करावी. सगळे निकष संपूनही बरोबरी उरली, तर पालकांसमोर सोडत काढावी. आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी आपण सोडत स्वीकारलीच आहे, आणि नेदरलँड्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागाही अनेक वर्षे सोडतीने दिल्या जात होत्या. सोडतीत हरलेल्या मुलाला कोणी ‘कमी’ म्हणत नाही.

आणि एक काम तर आजच करता येईल, त्याला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. खिडकीवरच्या लिपिकापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी खरे कारण सांगावे: “बाई, तुमच्या मुलीचे गुण पुरेसे आहेत. जागा एक होती, बरोबरीत अमुक नियम लागला. पुढच्या फेरीला अमुक दिवशी या.” सोलापुरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले घराघरांत आहेत. ‘मार्क कमी पडले’ हे तीन शब्द त्यांच्या मनात आयुष्यभर राहतात. यंदाच्या प्रवेशात ते कुणालाही खोटेपणाने ऐकवू नका, ही आमची प्रत्येक प्रवेश समितीला विनंती.