बारावीनंतर थेट डॉक्टरकीची सीट? अमेरिकेतल्या ‘बीएस-एमडी’चं पत्र हातात पडण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, मराठी घरातल्या मुलीला डॉक्टर व्हायचंय हे एकदा जाहीर झालं की गणपतीच्या जेवणाला जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, “मग बीएस-एमडीला टाकणार का?”

विचारणाऱ्याच्या डोक्यात आपल्याकडचं एमबीबीएस असतं. बारावी झाली, सीट मिळाली, डॉक्टर झालात. अमेरिकेत मात्र असा सरळ रस्ता नाही. आधी चार वर्षं कॉलेज करून पदवी घ्यायची, मग एमकॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यायची, मग मेडिकल स्कूलला अर्ज करायचा आणि तिथे आणखी चार वर्षं काढायची. त्यानंतर रेसिडेन्सी. ती विषयानुसार तीन ते सात वर्षांची असते.

इथे एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत एमडी हीच डॉक्टरकीची पहिली पदवी आहे. त्यामुळे ‘बारावीनंतर थेट एमडी’ ऐकायला भारी वाटत असलं, तरी त्यातलं एमडी म्हणजे आपल्याकडचं एमबीबीएस, असं समजायला हरकत नाही.

आता या लांबलचक रस्त्यात खरी भीती कसली असते? तर मधल्या गाळणीची. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, दरवर्षी आकडे काढते. २०२३-२४ च्या प्रवेशासाठी सुमारे ५२ हजार ५०० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जण आत गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेर राहिले. आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.७७ होता आणि एमकॅटचा सरासरी स्कोअर ५२८ पैकी ५११ च्या वर. चार वर्षं घासून, लाखो डॉलर घालून, बाविसाव्या वर्षी कळतं की नंबर लागला नाही. मग वर्षभर थांबायचं, पुन्हा अर्ज करायचा.

ही धाकधूक संपवायचं आश्वासन म्हणजे बीएस-एमडी. शाळा संपता संपता, सतरा-अठराव्या वर्षी, कॉलेज आणि मेडिकल स्कूल या दोन्हींचा प्रवेश एकाच वेळी.

हा प्रकार नवा नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९६१ मध्येच असा कोर्स सुरू केला होता. मिसुरी राज्यातल्या यूएमकेसीचा सहा वर्षांचा कोर्स १९७१ पासून चालू आहे. तिथे विद्यार्थी शाळेतून थेट मेडिकल स्कूलमध्येच येतो आणि पहिल्या वर्षापासून पेशंटच्या संपर्कात असतो. ब्राऊन विद्यापीठाचा पीएलएमई हा आयव्ही लीगमधला असा एकमेव कोर्स. तो आठ वर्षांचा आहे, म्हणजे तिथे एकही वर्ष वाचत नाही. पण एमकॅट द्यावी लागत नाही आणि पदवी कुठल्याही विषयात घेता येते, अगदी संगीतात किंवा इतिहासातही. साधारण तीन हजारांवर अर्ज येतात आणि वर्ग असतो साठेक जणांचा.

आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. वेळ वाचवायचा म्हणून लोक या कोर्सकडे बघतात, पण यातले बरेच कोर्स आठ वर्षांचेच आहेत. सात आणि सहा वर्षांचे आहेत, पण कमी. मिळते ती खात्री. आणि ही खात्री देताना कॉलेज सतराव्या वर्षीच्या मुलाकडून काय मागतं, ते बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे नीट आहे. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलं तिला बसली. त्यात एक पेपर, एक स्कोअर, एक रँक. बरी म्हणा, वाईट म्हणा, पण निदान गाळणी कुठे आहे ते दिसतं. बीएस-एमडीला अशी एक परीक्षा नाही. शाळेचे चार वर्षांचे मार्क लागतात, एसएटीचा स्कोअर लागतो, पण तेवढ्यावर काही होत नाही, कारण अर्ज करणाऱ्या जवळपास सगळ्यांचेच मार्क तसे असतात. मग बघितलं जातं की या मुलाने डॉक्टरांच्या मागे उभं राहून किती तास काम पाहिलंय, हॉस्पिटलमध्ये किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून किती काळ काढलाय, एखाद्या प्रयोगशाळेत हात घातलाय का. कॉलेजच्या नेहमीच्या निबंधाखेरीज ‘डॉक्टरच का’ यावर वेगळे निबंध लिहावे लागतात. पुष्कळ ठिकाणी मुलाखत होते, आणि ती घेणारे डॉक्टर असतात.

कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात ज्याची आई कार्डिओलॉजिस्ट आहे त्याला ओपीडीत उभं राहायला एका फोनवर जागा मिळते. ज्याचे वडील ट्रक चालवतात त्याला हॉस्पिटलच्या स्वयंसेवक विभागाचा फॉर्म भरून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते आणि सुट्टीत पगाराचं काम सोडून फुकट काम करावं लागतं. त्यात निबंधापासून मुलाखतीपर्यंत सगळं ‘करून घेणारे’ सल्लागार हजारो डॉलर घेतात. गंमत म्हणजे यातले काही कोर्स नेमके उलट्या हेतूने निघालेत. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा बीए-एमडी त्याच राज्यातल्या मुलांसाठी आहे, तिथल्या खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळावेत म्हणून. न्यूयॉर्कमधल्या ‘क्युनी’चा सात वर्षांचा कोर्सही जिथे डॉक्टर कमी आहेत अशा वस्त्यांसाठी प्राथमिक उपचार करणारे डॉक्टर घडवायला निघाला. अशा ठिकाणी फक्त मोठा स्कोअर घेऊन गेलेला अर्ज फारसा चालत नाही.

बरं, सगळं जमलं आणि प्रवेशाचं पत्र आलं. मग सीट पक्की? तर तिला अटी असतात. कॉलेजच्या वर्षांत जीपीए ठरावीक पातळीच्या खाली जाता कामा नये. ही पातळी अनेक ठिकाणी ३.५ च्या आसपास किंवा त्याहून वर असते. काही कोर्समध्ये एमकॅट माफ असते, तर काहींत ती द्यावी लागते आणि ठरलेला स्कोअरही आणावा लागतो. काही ठिकाणी दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला की ही सीट गेली. काही ठिकाणी अर्ज करायची मोकळीक असते. ‘गॅरंटीड’ हा एकच शब्द वापरणाऱ्या दोन कोर्सच्या अटी इतक्या वेगळ्या असू शकतात की पत्र ओळ अन् ओळ वाचल्याशिवाय काहीच कळत नाही.

पण भारतीय घरांसाठी सगळ्यात मोठी अट यापेक्षा वेगळी आहे. ती आहे ग्रीन कार्डाची.

यातले बहुतांश कोर्स अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनाच घेतात. अपवाद मोजके आहेत. मुळात अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूलचे दरवाजे परदेशी विद्यार्थ्यांना बंदच असतात. आता एच-१बीवर गेलेल्या आयटीतल्या कुटुंबाचं बघा. मुलगा तिसऱ्या वर्षी आईबापांबरोबर गेला, तिथेच शिकला, इंग्रजी तिथल्यांसारखं बोलतो. पण कागदावर तो एच-४ व्हिसावर आहे, आईच्या किंवा वडिलांच्या व्हिसाला जोडलेला. ग्रीन कार्डाच्या रांगेत दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग भयानक लांब आहे. ईबी-२ गटात २०२५ मध्ये ज्या भारतीयांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २०१२-१३ च्या आसपासचे होते.

आणि २१ वर्षं पूर्ण झाली की मूल त्या रांगेतून बाहेर पडतं. आपल्या नावाने एफ-१ विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर देश सोडायचा.

आता हिशोब मांडा. अठराव्या वर्षी आठ वर्षांच्या कोर्सला प्रवेश. एकविसावं लागतं कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, म्हणजे मेडिकल स्कूल सुरू व्हायच्या आधीच. काही कोर्स अर्ज करतानाच ग्रीन कार्ड मागतात, काही मेडिकल स्कूलमध्ये पाऊल ठेवताना मागतात. दुसऱ्या प्रकारात धोका जास्त, कारण सीट हातात असूनही ती मधल्यामध्ये सुटू शकते. बाकी मार्क, निबंध, मुलाखत सगळं मुलाच्या हातात असतं. हे नसतं.

मग पुण्या-नाशिकमध्ये बारावी करणाऱ्याने थेट अमेरिकेच्या बीएस-एमडीला अर्ज करावा का? वर सांगितलेल्या कारणाने दार जवळपास बंद आहे. पण ‘बीएस-एमडी’ हे नाव महाराष्ट्रात अनेकांनी ऐकलेलं असतं ते अमेरिकेमुळे नाही, फिलिपिन्समुळे. तिथे आधी बीएस आणि मग चार वर्षांचं एमडी असा रस्ता आहे आणि ‘कमी खर्चात एमडी’ म्हणून तो इथे जोरात विकला गेला. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनने नियम आणला की परदेशातला मेडिकल कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात प्रॅक्टिस करायची पात्रता मिळायला हवी. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. बीएसची वर्षं त्यात धरली जात नाहीत. तेव्हा एजंटने बीएस-एमडी म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठल्या देशातलं’ आणि दुसरा ‘एमडीचे महिने किती’ एवढे तरी विचारायलाच हवेत.

परत अमेरिकेकडे. ग्रीन कार्ड आहे किंवा मूल तिथेच जन्मलंय, त्यांचा हा प्रश्न सुटला. त्यांच्यापुढे आता पैशाचा प्रश्न नव्याने उभा राहिलाय.

४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्यात शैक्षणिक कर्जाचे नियम बदलले. आतापर्यंत मेडिकलचा विद्यार्थी ‘ग्रॅड प्लस’ या सरकारी कर्जातून कॉलेज सांगेल तेवढा सगळा खर्च भागवू शकत होता. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद. मेडिकलसारख्या कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर. खासगी मेडिकल स्कूलमध्ये चार वर्षांचं राहणं-खाणं धरून खर्च ३ लाख डॉलरच्या वर सहज जातो. वरचा लाख डॉलर आणायचा कुठून? घरातून, शिष्यवृत्तीतून किंवा खासगी बँकेकडून, बँकेच्या व्याजदराने.

हा नियम आज शाळेत असलेल्या मुलांना नेमका लागू होतो. २०२६ मध्ये आठ वर्षांच्या कोर्सला जाणारी मुलगी मेडिकल स्कूलमध्ये पोचणार २०३० साली. तिच्याकडे सीटची हमी असेल, पण ती आज सही करते तेव्हा २०३० ची फी किती असेल आणि कर्ज कोण देईल, हे त्या पत्रात कुठेच लिहिलेलं नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ पासून ट्यूशन फी माफ केली. २०२४ मध्ये रूथ गॉटेसमन यांनी दिलेल्या १ अब्ज डॉलरच्या देणगीनंतर ब्राँक्समधल्या आइनस्टाइन मेडिकल कॉलेजनेही तेच केलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सने वर्षाला ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची ट्यूशन फी माफ केली. नेहमीच्या रस्त्याने गेलेला हुशार विद्यार्थी या तिन्हींना अर्ज करू शकतो. दुसरीकडे अर्ज केला की सीट जाते अशा बीएस-एमडीतला विद्यार्थी हाच अर्ज करण्याआधी दहादा विचार करेल. खात्री महाग पडते ती अशी. आणि नेहमीच्या रस्त्यात गाळणीची भीती आहे म्हणून तो मूर्खपणाचा ठरत नाही. अमेरिकेतले बहुसंख्य डॉक्टर त्याच रस्त्याने झालेले आहेत.

कॉलेजंही या कोर्सबद्दल पूर्वीइतकी उत्साही दिसत नाहीत. नॉर्थवेस्टर्नने १९६१ चा तो जुना कोर्स बंद केला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानेही आपला बंद केला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या यूट्यूब व्हिडिओतली यादी समोर ठेवून अर्ज करणं धोक्याचं आहे. कोर्स अजून चालू आहे का, यंदाच्या अटी काय आहेत, हे त्या विद्यापीठाच्या पानावरच बघावं लागतं.

अर्जाचा फॉर्म, म्हणजे कॉमन अ‍ॅप, दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो. या कोर्सच्या मुदती बहुतेक नोव्हेंबर ते जानेवारीत संपतात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि ज्यांना पत्रं येतात त्यांना साधारण १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. म्हणजे पत्र आल्यावर हातात असतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात मेडिकल स्कूलच्या कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागून घेता येतात. जीपीए एका सत्रात घसरला तर सुधारायला संधी मिळते का, दुसरीकडे अर्ज केला तर सीट राहते का, आणि कोर्सच्या मध्येच व्हिसाचा दर्जा बदलला तर काय होतं.